झोळीत तिरपं झोपावं

झोळीत सरळ झोपू नका, तिरपं झोपा. बाकीचं सगळं नंतर ऐकलंत तरी चालेल, पण एवढं आधी कानात पडू द्या. डोकं डाव्या काठाकडे तर पाय उजव्या काठाकडे, किंवा याच्या उलट. कंबर धरली म्हणून भाचरं-पुतवंडं मला फोन करतात, घरात हॅमॉक लावलाय म्हणतात, आणि पाठ आणखीच दुखायला लागली म्हणून कुरकुरतात. मी पहिला प्रश्न विचारते, झोपतोस कसा? उत्तर ठरलेलं असतं. पलंगावर झोपतो तसाच, मधोमध, नाकाच्या रेषेत.

हे मला माझ्या मामांनी सांगितलं. मामा बोटीवर होते. रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांतून एक तरी माणूस बोटीवर असायचा, त्यातलेच ते. मालाच्या जहाजांवरून ब्राझीलच्या बंदरांत त्यांचं जाणं-येणं झालं आणि तिथून त्यांनी फोर्तालेझाची जाड सुती झोळी आणली. झोळीपेक्षा मोलाची म्हणजे तीत झोपायची रीत आणली. आपल्याला हॅमॉक म्हटलं की गोव्याचा किनारा, दोन माड आणि सुट्टीवर आलेला माणूस आठवतो. उत्तर ब्राझीलमध्ये तो घरातला रोजचा बिछाना आहे. बेलेंहून मनाउसकडे ॲमेझॉन नदीतून उतारूंच्या बोटी जातात, त्यांवर लोक आपापली झोळी काखेत मारून चढतात, डेकवर शेजारी शेजारी टांगतात आणि कित्येक दिवसांचा प्रवास तीत काढतात. मेक्सिकोच्या युकातान भागात तर घर बांधतानाच खोल्यांच्या भिंतींत कड्या बसवतात. १४९२ साली कोलंबसाच्या माणसांनी बहामाच्या बेटांवर या झोळ्या पहिल्यांदा पाहिल्या, आणि पुढे युरोपच्या खलाशांनी त्या जहाजांवर नेल्या, कारण जहाज कलंडलं तरी झोळीतला माणूस खाली घरंगळत नाही. एवढ्या पिढ्या ज्यांनी झोळीत जन्म काढला, ती माणसं तिरपीच झोपतात. मामा मला म्हणायचे, "बाय, तिरकी नीज. कापड तुला आपोआप सपाट करेल."

आपल्याकडे झोळी तान्ह्या मुलांची. माजघरात तुळईला जुन्या लुगड्याची झोळी बांधतात, ऊसतोडीच्या फडावर झाडाच्या फांदीला बांधतात, आणि मोठी माणसं बसतात ती झोपाळ्यावर. मोठ्यांनी रात्र झोळीत काढायची चाल आपल्यात नाही, म्हणून ती सांगणारं कुणी वडीलधारंही घरात नसतं. मी हाडांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून नोकरी केली. पेशंट उचलून-वळवून माझीही कंबर वेळोवेळी धरायची. त्यामुळे मामांचं सांगणं आणि वॉर्डातलं शिक्षण ही दोन्ही मला एकमेकांशी ताडून पाहता आली. ती फारशी भांडली नाहीत.

तिरपं का, तर ऐका. सरळ झोपलं की झोळीचं पोट खाली बसतं, डोकं आणि पावलं वर चढतात आणि कंबर रात्रभर धनुष्यासारखी वाकलेली राहते. हनुवटी छातीकडे येते, गुडघे उलटे ताणले जातात. तेच अंग मधल्या रेषेपासून साधारण तीस अंश वळवलं की कापड दोन्ही काठांकडे पसरतं, पाठीखालचा खळगा उथळ होतो आणि कंबर जवळजवळ सपाट पडते. डोकं किंचित वर राहतं, गुडघे किंचित वाकलेले राहतात. पाठीच्या पेशंटला आम्ही डोक्याकडची बाजू थोडी उचलून आणि गुडघ्यांखाली उशी सरकवून जसं झोपवायचो, त्याच्या बरंच जवळ जाणारी ही स्थिती आहे. कंबरेचे स्नायू त्यात सैल सुटतात.

तिरपं झाल्यावर एक बारीकशी अडचण येते. पायांकडच्या बाजूला कापडाची एक ताठ घडी उभी राहते आणि ती नेमकी पोटऱ्यांखाली येते. माणसाला वाटतं, आपल्याला झोळी मानवत नाही. मानवते. पावलं आणखी वीतभर काठाकडे सरकवा, म्हणजे घडी पोटऱ्यांखालून निसटते. तरीही खुपत असेल तर गुडघ्यांखाली एक चपटी उशी किंवा चादरीची गुंडाळी ठेवा. डोक्याखाली मात्र पलंगावरची जाड उशी घेऊ नका. झोळी स्वतःच डोकं उचलून धरते, वर जाड उशी घातली की मान मोडते. मानेच्या खळग्यात मावेल एवढा टॉवेल पुरे.

दुसरी गोष्ट, झोळी ताणून बांधायची नाही. आपल्या हाताला ताणायची सवय असते. बाज सैल पडली की आपण दावण ओढतो, वाळत घालायची दोरी कसून बांधतो, आणि त्याच हाताने झोळी बांधायला जातो. ताणलेल्या झोळीत तिरपं होताच येत नाही, तिचे काठ अंगावर मिटतात आणि ती उलटायला बघते. शिवाय कड्यांवर भार किती वाढतो त्याचा हिशेब बघा. ७० किलोचा माणूस आहे आणि दोरी आडव्या रेषेपासून ३० अंशांनी उतरते आहे, तर प्रत्येक टोकाच्या कडीवर ७० किलोचा ओढा येतो. तीच दोरी ताणून १५ अंशांवर आणली की प्रत्येक कडीवर १३५ किलो. १० अंशांवर २०० किलोच्या पुढे. माणूस तोच, वजन तेच, नुसत्या ताणण्याने कडीवरचा भार तिपटीच्या घरात गेला. धपकन बसलात तर क्षणभर त्याच्याही वर.

अंश मोजायला कोनमापक लागत नाही. कडीपासून दोरीवर दोन फूट मोजा. तेवढ्या अंतरात दोरी एक फूट खाली उतरलेली असली की तीस अंश झाले. हे मोजताना झोळीत कुणीतरी बसलेलं हवं, रिकाम्या झोळीवर मोजून उपयोग नाही. एकदा जमलेला झोल कायम राहावा म्हणून झोळीच्या दोन टोकांमध्ये वरून एक बारीक दोरी बांधून ठेवतात. झोळी ११ फुटांची असेल तर ही दोरी ९ फुटांच्या थोडी वर. मग खोली कुठलीही असो, झोळीचा आकार बदलत नाही. पावसाळ्यात याच दोरीवरून मच्छरदाणी सोडता येते.

आता टांगायचं कुठे. यावर मी जरा वेळ घेणार आहे, कारण कंबर दुखते म्हणून झोळी लावली आणि कडी निसटून माकडहाडावर आपटला, असं व्हायला नको.

कोकणातलं किंवा गावाकडचं जुनं घर असेल तर तुळई, नाहीतर माजघराचे खांब. लाकडात हूक ठोकू नका. रुंद पट्टा तुळईभोवती दोन वेढे देऊन घ्या, त्याने लाकूड चिरत नाही. पण आधी वाळवी बघा. स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्याने तुळई ठोकून या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज ऐका. पोकळ वाजली तिथे टोक टोचून पाहा. टोक आत घुसलं तर त्या तुळईला लहान मुलाची झोळीसुद्धा बांधू नका. खांबांना बांधायची तर खांब वर तुळईत आणि खाली जोत्यात पक्के बसलेले हवेत, कारण झोळी त्यांना एकमेकांकडे ओढते.

फ्लॅटमध्ये आरसीसीचा कॉलम किंवा बीम, दुसरं काही नाही. ३० अंशांवर ७० किलोच्या माणसाचा जो ओढा कडीवर येतो, त्यातला ६० किलोच्या आसपास नुसता आडवा असतो, भिंतीला खोलीकडे ओढणारा. चार इंची विटांची भिंत त्यासाठी बांधलेलीच नसते, हलक्या ब्लॉकची तर नाहीच. वरून प्लास्टर आणि रंग सगळीकडे सारखाच दिसतो, पण ड्रिलची भुकटी खरं सांगते. विटेची भुकटी लाल येते, हलक्या ब्लॉकची पांढुरकी आणि मऊ येते, काँक्रीटची राखाडी येते आणि ड्रिलला जोर लागतो. भुकटी राखाडी नसेल तर तिथेच थांबा, भोक बुजवा. कॉलममध्ये १२ मिलिमीटरचा अँकर फास्टनर आणि बंद कडीचा हूक लावून घ्या, तोही जाणत्या मिस्त्रीकडून. कॉलमला आधीच तडा असेल किंवा प्लास्टर फुगून गंजाचे डाग दिसत असतील, तर त्या कॉलमला हात लावायचा नाही. खिडकीचं ग्रिल, दाराची चौकट, गॅलरीचा कठडा, ही टांगायची ठिकाणं नव्हेत.

झोपाळ्याच्या कड्या स्लॅबमध्ये आहेत, त्यांनाच लावू का, असं बऱ्याच जणी विचारतात. झोपाळ्याच्या कड्या एकमेकींच्या फार जवळ असतात आणि त्यांच्यावर भार सरळ खाली येतो. झोळीचा भार तिरका येतो. दोन कड्यांत नऊ-दहा फुटांच्या वर अंतर असेल आणि बांधणाऱ्याने त्या पक्क्या घातल्याची खात्री असेल तरच विचार करा. भाड्याच्या घरात मालक भोक पाडू देत नसेल, तर लोखंडी स्टँड मिळतात. ते जागा खातात, पण भिंतीचा प्रश्नच उरत नाही.

उंचीचं माप सांगते. दोन भिंतींत १२ फूट असतील आणि झोळी ११ फुटांची असेल, तर कडी साडेपाच ते सहा फुटांवर. खोली १५ फुटांची असेल तर साडेसहा. आपल्याकडे १० बाय १२ची खोली फार, पण तिचा कर्ण साडेपंधरा फुटांचा असतो आणि कॉलम बहुधा कोपऱ्यांतच असतात. तेव्हा समोरासमोरच्या कोपऱ्यांत लावा आणि दिवसा एक टोक काढून झोळी दुसऱ्या कडीला लटकवून ठेवा. बसल्यावर झोळीचा तळ जमिनीपासून दीड फूट राहिला पाहिजे, म्हणजे खुर्चीच्या उंचीचा, दोन्ही तळवे जमिनीला पुरे टेकतील असा. पायांकडची कडी डोक्याकडच्या कडीपेक्षा वीतभर वर ठेवा. अंगाचा भार धडात असतो, त्यामुळे सारख्या उंचीवर टांगलं की माणूस झोपेत हळूहळू पायांकडे घसरतो.

हूक बसल्यावर पहिला माणूस लगेच झोपवू नका. सिमेंटच्या दोन गोण्या, म्हणजे १०० किलो, झोळीत घालून रात्रभर राहू द्या. त्याआधी कडीभोवती पेन्सिलीने रेघ मारून ठेवा. सकाळी कडी त्या रेघेपासून हलली आहे का, प्लास्टरला केसाएवढी चीर गेली आहे का, ते पाहा. घरात पोरं झोके घ्यायला चढणारच, त्यांचं वजन कमी असलं तरी झटके मोठे असतात. महिन्यातून एकदा कडी, पट्टा आणि कापडाची टोकं बोटांनी चाचपून पाहायची. दोर झिजतो तो नेहमी लोखंडाला घासतो तिथेच.

दोराचं म्हणाल तर काथ्याचा नको. दिसायला छान, पण आतून कुजलेला कळत नाही. नायलॉन ताणला जातो, रात्री दीड फुटावर असलेली झोळी पहाटे जमिनीला टेकते. पॉलिएस्टरचे रुंद पट्टे घ्या. मामा दोराला बोलाइनची गाठ मारायचे, भार आला तरी सरकत नाही आणि सोडताना बोटांनी सुटते. ती येत नसेल तर शिवलेल्या फाशाचा पट्टा घ्या, गाठीचा प्रश्नच नको.

कापड सुती, घट्ट विणीचं, निदान पाच फूट रुंद. अरुंद झोळीत तिरपं होता येत नाही, म्हणजे सगळा हेतूच बुडाला. जुनं लुगडं मऊ म्हणून बाळाच्या झोळीला चांगलं, मोठ्या माणसाच्या वजनाला ते मधोमध टरकतं. ट्रेकिंगवाल्या पोरांची पॅराशूटच्या कापडाची झोळी डोंगरात ठीक आहे, घरात रोजच्या रात्री तिच्यावर घाम धरतो आणि अंग घसरतं. आणि दोन्ही टोकांना लाकडी दांडी घालून सपाट केलेली झोळी दुकानात सगळ्यात सुंदर दिसते, ती घेऊ नका. दांडीमुळे ती उंच आणि ताठ राहते, कुशीवर वळलं की पालथी होते. ती बागेत घटकाभर पडायची आहे, पाठ दुखणाऱ्याने रात्र काढायची नव्हे.

थंडीच्या दिवसांत पुण्या-नाशकाकडे आणखी एक अनुभव येतो. वरून दोन पांघरुणं घेतली तरी पाठ गार पडते, कारण खालून वारा लागतो. गार पाठ आखडते. तेव्हा एक गोधडी अंगाखाली आधी पसरायची, मग पांघरुणाचं बघायचं. कोकणात पावसाळ्यात उलट, झोळी रोज सकाळी काढून वाऱ्यावर टाकायची, नाहीतर सुताला बुरशी धरते.

आता चढणं-उतरणं. दुखऱ्या कंबरेला इथेच जपायचं असतं. झोळीकडे पाठ करून उभं राहायचं, मागे दोन्ही हातांनी कापड रुंद पसरायचं आणि मधोमध बसायचं, काठावर नाही. मग पाठ टेकायची, पाय आत घ्यायचे, आणि शेवटी पावलं एका काठाकडे, डोकं दुसऱ्या काठाकडे न्यायचं. उतरताना पोटाच्या जोरावर सरळ उठून बसायचं नाही. वॉर्डात आम्ही पाठीच्या प्रत्येक पेशंटला पहिल्या दिवशी हे घोकवून घ्यायचो. आधी कुशीवर वळा, खांदा आणि कंबर एकदम, मधे पीळ न देता. मग पाय बाहेर सोडा, हाताच्या रेट्याने बसते व्हा, दोन्ही तळवे जमिनीवर टेकले की क्षणभर थांबा, आणि मग उठा. झोळीत धरायला पलंगाची कड नसते, म्हणून हाताशी एक जड, न सरकणारं स्टूल ठेवा. रात्री लघवीला उठणाऱ्यांनी मंद दिवा लावून ठेवावा आणि खाली घसरणारी सतरंजी टाकू नये.

पहिल्याच रात्री आठ तास झोळीत काढू नका. आधी दुपारची अर्ध्या तासाची डुलकी. काही दिवस तेवढंच. मग रात्री झोळीत झोप लागू द्यायची, जाग आली की अंथरुणावर जायचं. अंथरूण घालून ठेवलेलंच असू द्या. हळूहळू कंबर स्वतःच सांगते कुठे बरं वाटतं ते. झोका फार मोठा नको, भिंतीला पायाचा अंगठा लावून एकदा ढकललं की जेवढा बसतो तेवढा पुरे. त्या हलण्यानेही झोपेला मदत होते. जिनिव्हातल्या संशोधकांनी २०११ साली १२ पुरुषांना दुपारी हलत्या पलंगावर झोपवून पाहिलं, तेव्हा स्थिर पलंगापेक्षा त्यांना लवकर झोप लागली आणि झोप गाढही झाली. दुखण्याने तळमळणाऱ्या माणसाला झोप लवकर लागणं ही लहान गोष्ट नाही. कंबरदुखीत न झालेली झोप दुसऱ्या दिवशीचं दुखणं वाढवते.

कुणाला झोळी मानवेल आणि कुणाला नाही, हे बऱ्याच अंशी घरच्या घरी ओळखता येतं. वय झालेली काही माणसं चालताना पाय भरून आले म्हणून थांबतात, पुढे वाकून उभी राहतात किंवा बसतात, की त्यांना आराम पडतो. मणक्यातली जागा अरुंद झालेली असते, आणि किंचित वाकलेल्या स्थितीत ती जरा मोकळी होते. अशांना झोळी बहुधा आवडते. उलट ज्यांना बसलं, वाकलं, शिंकलं की कंबरेतून पायात कळ जाते, ज्यांच्या चकतीचं दुखणं आहे, त्यांना झोळीतला बाक त्रास देण्याची शक्यता जास्त. त्यांनी हट्ट करू नये. पोटावर झोपणाऱ्यांना झोळीत झोपता येणारच नाही. कुशीवर झोपणाऱ्यांना तिरपं होऊन, गुडघ्यांत उशी धरून जमतं. खुब्याचा सांधा बदललेल्यांनी सर्जनला विचारल्याशिवाय झोळीजवळ जाऊ नये, कारण बसताना-उठताना खुबा फार दुमडतो. हाडं ठिसूळ झालेल्यांनी, तोल जाणाऱ्यांनी, झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि दिवस भरत आलेल्या बाईने पलंगच बरा समजावा. आणि तान्हं मूल कुशीत घेऊन मोठ्याने झोळीत झोपायचं नाही, कधीच नाही.

मला कळकळीने सांगायचं आहे ते झोळीपलीकडचं आहे. आपल्याकडे कंबर दुखली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, गादी काढ, फळीवर झोप, जमिनीवर चटई टाक. माझ्या वॉर्डातही एके काळी गादीखाली फळ्या असायच्या. २००३ साली स्पेनमध्ये जुन्या कंबरदुखीच्या ३१३ लोकांवर गाद्यांची तुलना झाली. काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक. तीन महिन्यांनी मध्यम गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं. तेव्हा दुखऱ्या पाठीला शिक्षा दिल्यासारखं लादीवर झोपवू नका. झोळी ज्यांना बरी वाटते, त्यांना ती याचसाठी वाटत असावी की तीत अंगाचा भार एका हाडावर न पडता सगळीकडे वाटला जातो. पण झोळी मणका बरा करते असं मी कुणालाच सांगत नाही. ती रात्र सोसवते. कंबर बरी होते ती दिवसा.

आणि दिवसा ती पडून राहून बरी होत नाही. उसण भरली की आठ-पंधरा दिवस अंथरूण धरायचं, ही जुनी समजूत मोडून बराच काळ लोटला. १९८६ साली अमेरिकेत काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस विश्रांती सांगून पाहिली. बरं होण्यात फरक पडला नाही, उलट दोन दिवसवाले कामावर लवकर परतले. झोळी छान वाटते म्हणून दिवसही तीतच काढणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांचे पाठीचे स्नायू सुकत जातात. सोसेल तेवढं चाला. घरातल्या घरात चाला, पण चाला.

सकाळची एक सवय मात्र आजपासून बदला. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणूनच सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच भरतो. त्या वेळी वाकलं की चकतीवर ताण जास्त येतो. आणि आपली कामं बघा, उठल्या उठल्या अंथरुणाच्या घड्या, वाकून केर, बादली उचलणं, अंगण सारवणं. निम्म्याहून जास्त उसणी सकाळच्या बादलीपाशी भरतात असं माझं मत आहे. उठल्यावर पहिला तासभर कमरेतून वाकायचं नाही. केर तासाभराने काढा किंवा लांब दांड्याच्या झाडूने काढा, बादली अर्धी भरा, काही उचलायचं झालं तर गुडघे वाकवा. झोळीत झोपा नाहीतर पलंगावर, हे सगळ्यांना लागू आहे.

काही दुखण्यांत मात्र झोळी, उशी, शेक, तेल यांतल्या कशाचीच वाट पाहायची नाही. लघवी किंवा संडासवरचा ताबा गेला, बसण्याच्या जागी किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, पाऊल उचलता येईना, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा. तिथे तासांचा हिशेब असतो. पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, पाठीबरोबर ताप, कारण नसताना उतरणारं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, किंवा कोणत्याही कुशीवर न थांबणारी रात्रीची ठणक असेल, तरीही लवकर दाखवा. पाठीच्या मणक्यातला क्षयरोग आपल्याकडे अजून आहे आणि तो सुरुवातीला साध्या कंबरदुखीसारखाच वाटतो.

यातलं काही नसेल तर घाबरू नका. साधी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत ओसरते. सहा आठवडे होऊनही ती तशीच असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा, आणि तिथे झोळीत झोपतो हेही लाजू नका, सांगा. कसं झोपता ते विचारलं तर तेही नीट दाखवा.